चाळिसाव्या दिवसाचा वाडगा

सुलेखाबाईंनी तो निळा वाडगा आधी साबणाने घासला, मग नळाखाली धरून त्याच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं, पुसून कोरडा केला आणि त्यात पाच करंज्या रचल्या. पाचवी काही केल्या बसेना, तेव्हा तिसरी काढून आडवी घातली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा त्यांच्या आईचा नियम. तो डोंबिवलीहून त्यांच्याबरोबर परदेशात, बुकित पंजांग वस्तीतल्या चौदाव्या मजल्यावर आला होता आणि सहा वर्षांत त्यात एकदाही खंड पडला नव्हता. मग शेजारीण मलाय असो, चिनी असो, नाहीतर आताची ही रोमानियन.

वाडगा तिचाच, रोडिकाचा. ती समोरच्या दारात एकटी राहायची आणि बुओना व्हिस्टाला कुठल्याशा लॅबमध्ये काम करायची. सकाळी आठ वाजता तिने तो सुलेखाबाईंच्या सुनेच्या, जाईच्या हातात दिला होता. आत शिजवलेले गहू, साखर, अक्रोड आणि वर किसलेली लिंबाची साल. आज जाईचं डोहाळजेवण होतं. चार वाजता मंडळातल्या अकरा जणी यायच्या होत्या, आणि रोडिकालाही आमंत्रण होतंच. तेव्हा गोड आलं ते डोहाळजेवणाचंच, त्यात विचारायचं काय? "बघ, परक्या मुलुखातली असून किती कळतं तिला," असं म्हणत सुलेखाबाईंनी वाडगा देवापुढे ठेवला, पाणी फिरवून नैवेद्य दाखवला आणि सुनेला दिला. जाईने ओट्याशी उभ्या उभ्याच चमच्याने सगळं संपवलं. सासूला चव बघायलाही ठेवलं नाही. सातव्या महिन्यात असं व्हायचंच, म्हणून सुलेखाबाई उलट खूशच झाल्या.

त्यांच्या खूश होण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी पाचवा सरता सरता जाईचं मूल पोटातच गेलं होतं. त्यानंतर त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. काढायचं नाही, असं सुलेखाबाईंनीच ठरवलं होतं. या खेपेला सातवा लागेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला होता. सुनेला साधी शिंक आली तरी त्या हातातलं काम टाकून धावायच्या. आजच्या दिवशी घरात काही म्हणजे काही वावगं होता कामा नये, एवढं एकच मागणं त्यांनी पहाटे देवाकडे मागितलं होतं.

जाई खाऊन आत पडली होती. वरुण, त्यांचा मुलगा, टेक्का मार्केटात फुलांची वाडी आणायला गेला होता. सुलेखाबाईंनी वाडगा पदराखाली धरला आणि समोरची बेल वाजवली.

रोडिकाने दार उघडलं. एरवी टी-शर्टात वावरणारी ही मुलगी आज गळ्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत होती. तिची नजर वाडग्यावर गेली आणि तिचा चेहरा पडला.

"आंटी, हा परत का आणलात?"

"अगं, रिकामा नाही आणला. ओल्या नारळाच्या करंज्या आहेत. आजच केल्यात."

"ते खाल्लं नाही का कुणी?"

"खाल्लं नाही कसं? जाईने चमचासुद्धा चाटून ठेवला. आणि आधी देवाला दाखवलं हो, मगच तिला दिलं."

दोघी इंग्रजीतच बोलायच्या. एकीचं इंग्रजी डोंबिवलीचं, दुसरीचं तिकडच्या डोंगरातलं. पण तीन वर्षांच्या शेजारात एकमेकींचं एकमेकींना बिनचूक कळत होतं. त्यामुळे पुढचं वाक्यही सुलेखाबाईंना नीट कळलं.

"मला हा परत घेता येत नाही आंटी. हा मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेला आहे. आज त्याचा चाळिसावा दिवस."

सुलेखाबाईंना क्षणभर कॉरिडॉरच हलल्यासारखा वाटला.

"मेलेल्याचा? अगं बाई! आणि तू तो माझ्या सुनेला दिलास? आज? पोटुशी बाईला?"

"मी दारातच सगळं सांगितलं तिला."

"तिच्या कानात सकाळपासून ती गाण्यांची बोंडं असतात! तिला काय ऐकू जाणार, कप्पाळ! तू मला हाक मारायचीस. मला सांगायचंस."

रोडिकाने दाराची चौकट धरली होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. आता समोरची रडायला लागली की सुलेखाबाईंचा राग अर्ध्यावर येतो, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर टेकल्या.

"कोण गेलं तुझ्याकडे?" त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं. "कधी बोलली नाहीस."

"माझं कुणी नाही. हंगेरीचा एक माणूस. त्याला मी कधी पाहिलंही नाही."

मग तिने सांगितलं. जानेवारीत हंगेरीचं एक छोटं विमान इस्तंबूलहून घरी निघालं होतं. त्यात एका संगीतशाळेतली माणसं होती, एकत्र गाणारी, आपल्याकडच्या भजनी मंडळासारखी. वाटेत रोमानिया लागतो. रोडिकाच्या गावाच्या वरच्या डोंगरात ते बर्फात कोसळलं. एकतीस माणसं होती, एकही वाचलं नाही. धुकं इतकं की हेलिकॉप्टर उतरेना, रस्ता बर्फाने बंद. गावातलेच लोक घोड्यांच्या घसरगाड्या घेऊन वर चढले आणि दोन दिवसांत सगळ्यांना खाली आणून त्यांनी शाळेत ठेवलं.

"हंगेरी म्हणजे आमचे शेजारी," रोडिका म्हणाली. "पण कसले शेजारी! पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण. माझे आजोबा हंगेरियन माणसाला बागेतलं आलुबुखार विकायचे नाहीत. झाडाखाली सडलं तरी चालेल, म्हणायचे. गावात सगळे तसेच. आणि आमच्यात, आंटी, माणूस दिव्याशिवाय आणि सोबतीशिवाय जाणं हे सगळ्यात वाईट. त्याहून वाईट काही नाही. ते एकतीस जण तसेच गेले होते. मग त्या रात्री गावाने ठरवलं. एकेका घराने एकेक माणूस घ्यायचा."

"घ्यायचा म्हणजे?"

"आपला म्हणायचा. त्याच्याजवळ मेणबत्ती लावून बसायचं. त्याच्या नावाने तिसरा, नववा, चाळिसावा दिवस करायचा. त्याची माणसं येईपर्यंत त्याची माणसं आपण."

सुलेखाबाईंच्या डोंबिवलीच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ गेले, तेव्हा लिफ्ट बंद होती, तर भेटायला वर चढायचं की खालीच थांबायचं यावर जिन्यापाशी चांगली वीस मिनिटं चर्चा झाली होती. त्या चर्चेत आपणही होतो, हे त्यांना आता नको असताना आठवलं.

रोडिकाने फोनवर एक चित्रफीत दाखवली. शाळेची लांब खोली, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. खाली ओळीने पांघरलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या उशाशी एक मेणबत्ती आणि एका बाकावर बसलेलं कुणीतरी. डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या, गुडघ्यांवर टोप्या ठेवलेले म्हातारे. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. सगळे नुसते बसले होते. सुलेखाबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"नवव्या दिवशी दुपारी बारा वाजता सगळी हंगेरी थांबली," रोडिका म्हणाली. "ट्राम जागच्या जागी उभ्या. माणसं रस्त्यात उभी. घंटा वाजायला लागल्या. आणि त्याच मिनिटाला आमच्या गावातली घंटा वाजली. त्यांच्यासाठी कधीच न वाजलेली. मी इथे खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये फोनवर बघत होते, संध्याकाळचे सात. मला बसवेना. हातात ट्रे घेऊन उभी राहिले. एक अंकल टेबलासाठी ताटकळत होते, ते म्हणाले, 'लीव्हिंग आह?' मी म्हटलं, नाही. मग तेही बिचारे माझ्याशेजारी उभे राहिले, का ते न कळता."

हे सांगताना तिला हसूही आलं आणि रडूही. सुलेखाबाई मात्र हसल्या नाहीत. खाली दोन ब्लॉकच्या मधून एलआरटीच्या छोट्या रेल्वेचा डबा गेला. आतल्यांना घरांत डोकावता येऊ नये म्हणून घरांजवळ आल्यावर त्याच्या काचा नेहमीप्रमाणे आपोआप धुरकट झाल्या होत्या.

"त्याच दिवशी घरची माणसं आली. दोन बस भरून. त्यांना आमची भाषा येत नाही, आम्हाला त्यांची. म्हणून प्रत्येक घराने फाटकावर नाव लिहून लावलं होतं, आपण कोण घेतलंय त्याचं. ती माणसं बर्फातून फाटकं वाचत फिरली. एका म्हाताऱ्याला बायकोचं नाव सापडलं. ते घर असं की तिथल्या मालकाने जन्मात हंगेरियन माणसाला राम राम केला नव्हता. त्याने त्या म्हाताऱ्याचा हात धरला, शाळेत नेलं आणि बाक दाखवला. मी इथे बसलो होतो, असं खुणेने सांगितलं. ती एकटी नव्हती, एवढंच. मग दोघं त्या बाकावर बसले."

"काय माणसं आहेत गं तुमची," सुलेखाबाई म्हणाल्या. देवळात गाभारा उघडल्यावर होतं तसं त्यांचं झालं होतं.

"सगळी नाहीत आंटी. तीस जणांना घेतलं. एकाला कुणी घेईना. वैमानिकाला. लास्लो त्याचं नाव. चौकशी चालू आहे अजून, पण लोकांनी ठरवून टाकलं, त्याच्याचमुळे मेले. शेवटी माझी आई उठली. एकोणऐंशी वर्षांची आहे. म्हणाली, तो मला द्या. मी फोनवर भांडले तिच्याशी. म्हटलं, त्याच्यामुळे मेले ना सगळे? ती म्हणाली, असेल. मग त्याला तर सोबत जास्तच लागेल."

सुलेखाबाईंनी वाडग्याकडे पाहिलं. तो अजून त्यांच्या मांडीवर होता.

"नवव्या दिवशी आई सबंध दिवस फाटकाशी उभी होती. लोक नाव वाचायचे आणि पुढे जायचे. त्याच्या घरचं कुणी आलंच नाही. लाजेने आले नसतील. मागच्या आठवड्यात आई बर्फावर घसरली, मनगट मोडलं. मला म्हणाली, चाळिसावा तू कर. मी म्हटलं, इथे माझं कोण आहे, कुणाला देऊ? तर म्हणाली, शेजार असेल ना."

"आणि तू आमच्याकडे आलीस."

"बेल वाजवली की दार उघडणारं या मजल्यावर तुमचंच घर आहे."

मग रोडिकाने नीट समजावून सांगितलं. हे खाणं मेलेल्यासाठी द्यायचं, भांड्यासकट. बरोबर मेणबत्ती द्यायची. घेणाऱ्याने ते भांडं ठेवून घ्यायचं. मग तिकडे त्याला त्या भांड्यातून खायला मिळतं. परत आलं, तर त्याच्या हातातून काढून घेतल्यासारखं होतं. "पण तुमचा आजचा दिवस कसला आहे ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "माझं चुकलं. द्या तो. मी दुसरं कुणी बघते. चर्चमध्ये कुणी मिळेल."

सुलेखाबाईंनी वाडगा तिच्या हातात दिला नाही. स्वतःकडेही ठेवला नाही. उठल्या आणि त्यांनी तो चपलांच्या कपाटावर, दोन दारांच्या मध्ये ठेवला. घ्यावा तर एका अनोळखी वैमानिकाचं मरण उंबऱ्याच्या आत येणार, तेही आज, आणि ते सुनेच्या पोटापर्यंत तर आधीच पोचलं होतं. न घ्यावा तर तो माणूस आणखी एका दारातून माघारी जाणार. देवा रे, कुठल्या पेचात टाकलंस!

"मी जाईला बघून येते," त्या म्हणाल्या. "मग सांगते. तू इथेच थांब. मेणबत्ती म्हणालीस, ती मी नाही पाहिली. तुझ्याकडेच राहिली असेल."

"नाही. मी जाईला दिली."

जाईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सुनेला काय आणि किती सांगायचं याची जुळवाजुळव करत सुलेखाबाईंनी ते ढकललं. खिडकीच्या कठड्यावर, स्टीलच्या वाटीत, एक बारीक पिवळी मेणबत्ती जळत होती. जाई पलंगाच्या कडेला बसून तिच्याकडे बघत होती. कानात काहीही नव्हतं.

सुलेखाबाई दारातच थबकल्या.

"तुला माहीत होतं?"

जाईने मान हलवली. "सगळं. रोडिकाने सांगितलं ना दारात."

"आणि तरी खाल्लंस? जाई, अगं वेडी आहेस का? आजच्या दिवशी?"

"अहो आई, बसा ना."

त्या बसल्या. जाईने मेणबत्तीकडे बघतच सांगितलं, "ती म्हणाली, खाताना आपलंही कुणी असेल तर त्याची आठवण काढावी. चालतं. म्हणून खाल्लं."

सुलेखाबाई मेणबत्तीकडून तिच्याकडे वळल्या.

"आपल्यात त्याचं काही करत नाहीत, म्हणाला होतात तुम्ही. सुतक नाही, दिवस नाहीत, काहीच नाही. मला वाटलं, त्या गावाने ओळख ना पाळख अशी माणसं घेतली. आणि माझं बाळ..." तिचं वाक्य तिथेच राहिलं.

"मी देवापुढे ठेवलं तेव्हा तरी बोलायचंस."

"ते तर बरंच वाटलं मला. म्हटलं, निदान एकदा तिच्या नावाचं देवापुढे गेलं."

तिच्या. म्हणजे मुलगी होती. हे सुलेखाबाईंना दोन वर्षांत माहीत नव्हतं, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं. हॉस्पिटलात तेव्हा नर्सने हळू आवाजात विचारलं होतं, बाळाला बघायचंय का, जवळ घ्यायचंय का. जाईने तोंड उघडायच्या आत उत्तर दिलं होतं ते सुलेखाबाईंनी. नको. बघितलं की जीव अडकतो. त्यांनी ते मायेपोटीच म्हटलं होतं, आणि त्या मायेची त्यांना आता भयंकर शरम वाटली.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. सुनेला असं म्हणायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. "मी तुला बघूही दिलं नाही."

जाईने त्यांच्या हातावर हात ठेवला. तिच्या पोटातल्या बाळाने लाथ मारली असावी, कारण तिने दुसरा हात पटकन पोटाशी नेला.

"नाव ठेवलं होतंस?"

"मनात."

"सांग मला."

जाईने सांगितलं. सुलेखाबाईंनी ते ऐकलं, डोळे पुसले आणि उठल्या. मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून जाताना त्यांनी पंखा बंद केला.

कॉरिडॉरमध्ये रोडिका अजून दारातच उभी होती. वाडगा कपाटावर होता तसाच होता. सुलेखाबाईंनी त्यातल्या करंज्या एकेक करून काढल्या आणि तिच्या ओंजळीत ठेवल्या.

"या तुझ्या. आणि हा आता पुन्हा दे मला. नीट दे. तुमच्यात घेताना काय म्हणतात?"

"फार काही नाही." रोडिकाने करंज्या आत ठेवून हात पुसले आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलला. "कुणाच्या नावाने घेतलं ते म्हणायचं. मोठ्याने. त्यांना ऐकू जायला हवं."

सुलेखाबाईंनी पदर सावरला, दोन्ही हात पुढे केले आणि वाडगा घेतला.

"लास्लो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी श्वास घेतला आणि सबंध चौदाव्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आणि गार्गी. माझी नात."